लेन्सचं झाकण
कुजक्या अंड्यासारखा तो केमिकलचा वास आला की आजही मला ती एक दुपार आठवते. नव्वदच्या दशकात आम्ही चारपाच जण भाड्याचा व्हिडिओ कॅमेरा घेऊन डोंबिवलीच्या खाडीवर जायचो. कोळ्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून टेपवर घ्यायचं आणि संध्याकाळी वस्तीत टीव्हीवर दाखवायचं, असं चाललेलं. त्या दुपारी एक म्हातारी कोळीण बोलत होती, "जाल्यान मेलेलीच मासली येते. कंपनीवाल्यांनी पानी काला केला, आमी खावाचा काय?" तेवढ्यात बांधावर कारखान्याची जीप थांबली. दोघे उतरले, एकाच्या हातात दांडकं. मी लेन्सला झाकण लावलं, पण घाईत कॅमेरा बंद करायचाच राहिला. तो काखेत धरून मी एकटाच पुढे गेलो आणि हळू आवाजात काहीतरी सांगून त्यांना वाटेला लावलं. संध्याकाळी सगळी वस्ती टीव्हीपुढे जमली. म्हातारीचं बोलणं मध्येच तुटलं, पडदा काळा झाला, आणि त्या काळोखातून माझा आवाज आला, "काही नाही साहेब, म्हातारी वेडी आहे." ती पुढेच बसलेली. तिने वळून माझ्याकडे पाहिलं का, ते मला आजही सांगता येत नाही. मी मान वर केलीच नव्हती.