थुंकून दिलेले मार्क

तिनं माझं सरबत तोंडात घेतलं, गालात फिरवलं आणि कागदी कपात थुंकलं. पाण्यानं चूळ भरली. मग माझ्याकडं बघून हसली, छान झालंय म्हणून.

नियमानं बघितलं तर तिचं काहीच चुकलं न्हाई. आमच्या फूड टेक्नॉलॉजीत पदार्थ चाखायची पद्धतच हाय. चार-पाच जण ओळीनं बसतात, रंग, वास, चव बघून नऊपैकी मार्क देतात. प्रत्येकापुढं एक रिकामा कप असतो. एका चवीत दुसरी मिसळू नये म्हणून कुणाला थुंकायचं तर थुंकता येतं. त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची चाखणी होती. माझ्याआधी एकाचं चिंचेचं सरबत झालं, एकीचं लिंबाचं. सगळे घटाघटा प्याले. कप कोरडे. चिंचेचं तर एकानं परत मागून घेतलं.

मग माझं. लाल अंबाडीच्या बोंडांचं. येलदरीकडं आमचं गाव, तिथं माईनं बांधाबांधानं फिरून बोंडं वेचली होती. गोडी आणि आंबटपणा जुळवता जुळवता माझा जीव गेला होता. रंग तर असा आला होता की बघत राहावं.

पहिलीनं थुंकलं. दुसऱ्यानं तिच्याकडं बघितलं आणि त्यानंही थुंकलं. तिसऱ्यानं नुसते ओठ ओले केले. शेवटी आमचे सर. त्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि ठेवून दिला. आणि मार्क? सगळ्यांचे आठ! चिंचेपेक्षा जास्त.

ती पहिली माझ्याच खोलीतली. होस्टेलात आमी पहिल्या वर्षापासून सोबत. तिच्या घरी मोठी बागायत. माझ्या नोट्स तिला चालायच्या, थंडीत माझी चादर चालायची. माईचा शेंगदाण्याचा लाडू मात्र तिनं कधी खाल्ला न्हाई. डाएट हाय म्हणायची. मी खरं मानलं. काय येडी होते मी! रात्री खोलीत तोंडावरच विचारलं, तर म्हणाली,

“माझ्या मनात काय न्हाई गं. पण तुमच्यातलं आमच्यात चालत न्हाई. आईची शपथ हाय.”

तुमच्यातलं. आमी बौद्ध. अंगाची नुसती लाही झाली. सकाळी सरांकडं गेले. ते खुर्चीत रेलून बोलले,

“आठ पडलेत ना? मग तुझं नुकसान काय झालं? उगं वाढवू नको.”

माईला फोन केला. तीपण म्हणाली गप बस, डिग्री हातात येऊ दे. खोटं कशाला बोलू, मला आठचा मोह लय झाला. पण माझ्या आजोबाला लोक तोंडावर हाकलायचे. मला हसून आठ मार्क दिले. मला या हसण्याचाच जास्त राग आला.

सोमवारी परत सरबत केलं. लॅबमधी तेच लोक बसवून घेतले. सरांना म्हणलं,

“माझे आठ काढून टाका. आज ज्यानं गिळलं त्यानंच मार्क द्यायचे. ज्याला माझ्या हातचं गिळवत न्हाई, त्यानं तसं बोलून उठायचं.”

खोलीतली मैत्रीण उठली. काही न बोलता गेली. दुसरा तिच्या मागं. तिसरा बसला, लाल झाला, आणि सगळा ग्लास प्याला. पाच दिले. म्हणाला, आंबट झालंय. मी चाखून बघितलं. होतंच आंबट.

सरांनी ग्लासाला हात लावला न्हाई. एकाच्या मार्कावर प्रोजेक्ट पास होत न्हाई म्हणाले, तुझं वर्ष जाईल म्हणाले. आठ अजून घेता येतील, विचार कर, हेपण म्हणाले.

विचार केलाय. साखर थोडी वाढवायची हाय. वर्ष गेलं तर जाऊ दे, पुढच्या वर्षी याच टेबलाशी उभी राहीन, समोर कुणीही बसो. माझं न गिळता दिलेला एक मार्कसुद्धा मी घेणार न्हाई.