एक तिची, एक माझी

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावरच चिडून बसले होते. तिचा आठवीचा तास माझ्या गळ्यात पडला होता, पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नव्हता, आणि ही बया "दोन दिवसांत येते" म्हणून भावाबरोबर नाशिकच्या दवाखान्यात गेलेली. मोबाइलवर तिचंच नाव दिसलं. मी उचलल्या उचलल्या सुरू झाले, "काय गं, अजून किती दिवस लोळणार आहेस?" पलीकडे तिचा भाऊ होता. तो म्हणाला, "कुसुमताई, ताई गेली." कावीळ झाली होती. कितीतरी दिवस ताप अंगावर काढला. दवाखान्यात जा म्हटलं की ठरलेलं उत्तर, "नव्या पोरी रुळू देत गं, मग जाते." आता बोला! पोरी काय, आपल्या आपण रुळल्या असत्या. मला अजून तिचा राग येतो, आणि राग काढायला ती नाही, याचा आणखी येतो.

तसा तिनं मला पहिल्या दिवसापासून वैतागच दिला. मी सूर्यमाळची. सातवी झाल्यावर जव्हारच्या शाळेत आले, वसतिगृहात राहायला. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलायचो, इथली पुस्तकातली मराठी मला अर्धीच कळायची, आणि जेवताना सगळ्या पोरी आपापल्या गावाच्या घोळक्यात बसायच्या. आमच्या वसतिगृहात एक पद्धत होती. नवी पोर आली की तिला वरच्या वर्गातली एक जोडीदारीण मिळायची. पाणी कुठं भरायचं, संडासला कधी गर्दी नसते, कुठल्या सरांसमोर हसायचं नाही, हे सगळं तिनं सांगायचं. माझ्या वाट्याला आली साखरशेतची सुनंदा. ढांगा टाकत चालणारी, खणखणीत बोलणारी, पुरुषासारखे मोठे पाय. माझ्या ताटातली भाजी ती न विचारता उचलायची आणि "तुला आवडत नाही ना" असं मलाच सांगायची. मला ती भाजी आवडायची हो! पहिल्याच आठवड्यात मी पळून घरी गेले. घरची आठवण हे एक कारण, आणि सुनंदा हे दुसरं.

तर ही बाई वसतिगृहातल्या मावशींना घेऊन सूर्यमाळला हजर. आईनं भाकरी वाढली, ती पोटभर खाल्ली, आणि हात धुता धुता म्हणाली, "चल, उठ." जसं काही मी तिच्याच घरी पाहुणी आले होते. परत आल्यावर तिनं माझी डावी चप्पल काढून घेतली आणि तिची डावी माझ्यापुढे टाकली. "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत अशीच घालायची. एक तुझी, एक माझी." मी म्हटलं, "येडी आहेस का? आम्ही अनवाणी डोंगर उतरणारी माणसं. चप्पल नाही म्हणून मी पळायची थांबेन होय?" त्यावर ती म्हणाली, "थांबू नको ना. पळालीस तर माझी चप्पल घेऊन पळशील. मग मला ती न्यायला यावंच लागेल." ... दिवाळीपर्यंत मी एका पायात होडी घालून फटक फटक चालत होते आणि तिची टाच माझ्या चपलेच्या बाहेर लोंबत होती. सगळी शाळा हसली. मी मात्र पुन्हा पळाले नाही. कुठं जाणार? ती आलीच असती.

माझं लग्न झालं तेव्हाही तिनं हेच केलं. पाठवणीच्या रडारडीत माझं लक्ष नव्हतं. सासरी उंबऱ्यावर माप ओलांडायला चपला काढल्या तर एक माझी नवी कोरी, आणि एक हिची, खिळा मारलेली. सासूबाई एकदा चपलांकडे बघतात, एकदा माझ्याकडे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आठ दिवसांनी स्वारी दारात. "चप्पल न्यायला आले," म्हणाली. चहा घेतला, मला मागच्या पडवीत नेलं आणि हळूच विचारलं, "बरी आहेस ना? खरं सांग." मी बरी होते. पण तसं विचारायला माझ्या माहेरचं दुसरं कोणी इतक्या लवकर आलं नव्हतं, हेही खरं.

पुढे आम्ही दोघी शिक्षिका झालो आणि नशिबानं, म्हणजे माझ्या नशिबानं, वसतिगृह असलेल्या एकाच शाळेत लागलो. तिथं तिनं तो चपलांचा कारभार रीतसर सुरू केला. आठवीत येणारी प्रत्येक मुलगी आणि तिची वरच्या वर्गातली जोडीदारीण, दोघींनी दिवाळीपर्यंत एकेक चप्पल बदलायची. वर जोड्या लावणार हीच. मोखाड्याकडची पोर जव्हारच्या पोरीला, कातकऱ्यांची कोकणा जमातीच्या पोरीला. मी सांगून थकले की अगं, एका पाड्यावरच्या दोघी एकत्र ठेव, बोलायला तरी सोपं जाईल. तर म्हणे, "एका पाड्यावरच्या दोघी ठेवल्या तर दोघी मिळून पळतील. मग न्यायला कोण जाणार, तू?" तिच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मध्ये एकदा वरून फर्मान आलं की शाळेत नव्या विद्यार्थ्यांसाठी 'बडी' नेमायचे. एक प्रशिक्षण झालं, छातीला लावायचे बिल्ले आले, 'मैत्रीपूर्ण संवाद साधावा' वगैरे सूचना आल्या. सुनंदानं सगळे बिल्ले पोरींना खेळायला वाटून टाकले. नेमके त्याच आठवड्यात साहेब तपासणीला आले. वर्गाबाहेर चपलांची रांग, आणि एकही जोडी धड नाही! मुख्याध्यापकांना घाम फुटला. "बाई, हा काय बाजार मांडलाय?" ते दबक्या आवाजात माझ्यावरच ओरडले. सुनंदा पुढे होऊन म्हणाली, "साहेब, हेच आमचे बिल्ले. छातीवरचा विसरतो, पायातला टोचत राहतो." साहेब हसले म्हणून निभावलं. नाहीतर खुलासा लिहीत मीच बसले असते, कारण तिचं अक्षर कुणाला लागत नव्हतं.

या वर्षी नव्या मुली जास्त आल्या आणि एक उरली. मनीषा, वांगणीची. मान वर करून बघायची नाही, नाव विचारलं तर पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायची. सुनंदा म्हणाली, "हिची जोडीदारीण मी." मी डोक्याला हात लावला. पन्नाशीच्या बाईनं पोरीची निळी स्लीपर एका पायात घालून स्टाफरूममध्ये यायचं? आली की! तिची भली मोठी तपकिरी चप्पल पोरीच्या पायात, आणि ही स्लीपरमधून टाच बाहेर काढून तापानं फणफणत तासावर उभी.

सुनंदाच्या मातीला मनीषा बापाबरोबर आली होती. तिथूनच घरी गेली ती परत आलीच नाही. मी चार-पाच दिवस वाट बघितली. मग मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, दिवाळीनंतर ही माणसं वीटभट्टीवर जातील, पोरगी गेलीच समजा." गेलीच समजा! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण मुख्याध्यापकांना काय बोलणार? रीत अशी की पळालेल्या पोरीला तिच्या जोडीदारणीनं आणायचं, आणि इथं जोडीदारीणच पळालेली. मी सुनंदाच्या घरी गेले, भावाकडून ती निळी स्लीपर मागून घेतली. त्यानं सुनंदाची उरलेली चप्पलही माझ्या हातात दिली, "ही पण तूच ठेव" म्हणून. दुसऱ्या दिवशी एसटीनं वावरपर्यंत गेले आणि पुढे चिखल तुडवत, सुनंदाला शिव्या घालत वांगणीला.

लावणी चालू होती. मनीषा दिसायच्या आधी बांधावर तिच्या चपला दिसल्या. एक निळी, एक तपकिरी, पाऊस आत जाऊ नये म्हणून पालथ्या घातलेल्या. ती आईबरोबर चिखलात वाकली होती. बाप म्हणाला, "आता कशाला, बाई? तिची बाईच नाय राहिली." मी काही न बोलता पिशवीतून स्लीपर काढली आणि पोरीपुढे धरली. "ही घे तुझी. आणि सुनंदाबाईंची दे."

"नाय," ती म्हणाली.

"नाय म्हणजे?"

"दिवालीपरेंत माझी हाय ती. बाई बोललेल्या." मग पहिल्यांदाच मान वर करून म्हणाली, "मी पलाले नाय. चप्पल न्यायला कोन येतं, ती वाट बघत होते."

मी बांधावर बसले. रडू आलं, खोटं कशाला बोलू... मग मी माझी डावी चप्पल काढून पिशवीत टाकली आणि ती निळी स्लीपर पायात चढवली. माझे पाय मेले पहिल्यापासून लहान, बरोब्बर बसली. "चल, उठ," मी म्हटलं. पोरीनं शेतातल्याच पाण्यात पाय धुतले. आईनं डोक्यावरचं इरलं काढून तिच्या डोक्यावर घातलं. बाप एवढंच म्हणाला, "दिवालीचं दिवालीला बघू."

आता भात निसवायला लागलंय, लोंब्या बाहेर पडतायत. मनीषा शाळेत आहे, पाढ्यांत कच्ची आहे आणि तोंड मात्र चांगलंच सुटलंय. मी अजून एका पायात स्लीपर घालून हिंडते, आणि पोरी मागून हसतात. सुनंदाची दुसरी चप्पल माझ्या दाराशी असते. झाडताना रोज आडवी येते, रोज मी चिडते आणि परत तिथंच ठेवते. परवा मनीषा पायातली तपकिरी चप्पल दाखवून विचारत होती, "बाई, दिवालीला ही कोनाला द्यायची?" मी तिच्यावर खेकसले, "कोणाला म्हणजे? द्यायची नाही. घालून जा घरी, आणि सुट्टी संपली की घालूनच परत ये. नाही आलीस तर भट्टीवर येईन न्यायला."

दिवाळीला चपला परत करायच्या, हा नियम सुनंदाचा. मी तो मोडला म्हणून ती तावातावानं भांडली असती. भांडायला तरी ये गं बाई.