बावखलाचं पाणी

दुकानात गोल्डफिश दिसले की मी अजून थांबते. इतका हावरट मासा दुसरा नसेल. काचेशी बोट नेलं की तोंड वासून हजर. गोखिवऱ्याच्या फ्लॅटमध्ये आमच्याकडे दोन होते, आणि आईला वाटायचं ते कायम उपाशीच आहेत.

त्याआधीची जोडी आणल्या आणल्या गेली होती. दुकानदार म्हणाला, नळाच्या पाण्यातल्या औषधाने. पाणी दिवसभर उघडं ठेवा, मग वापरा. बाबांना ते पटेना. जन्म वाडीत केळी आणि पानवेली शिंपण्यात गेलेला. त्यांच्या लेखी पाणी एकच, आमच्या बावखलाचं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पण ते मोठ्या काकांच्या वाट्याला गेलेलं, आणि वाटणीपासून दोघा भावांचा अबोला.

मग दर शनिवारी दुपारी, काका झोपलेले असताना, बाबा स्कूटरवरून जाऊन कॅन भरून आणायचे. मी मागे बसायची. जिथे वाढले त्याच वाडीत चोरासारखं शिरायचं. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. एका शनिवारी काठावर भरलेला कॅन तयार होता, पाणी गाळलेलं, तोंडाला फडकं बांधलेलं. बाबांनी आपला रिकामा तिथे ठेवला आणि तो उचलला. पुढे दर आठवड्याला हेच. शब्द एक नाही. आमच्या घराण्यात जमिनीची वाटणी होते, हट्ट मात्र प्रत्येकाला पुरेपूर मिळतो.

शिमग्याच्या सुमारास मासे गेले. पोटं फुगली होती. आईची माया नडली. मला वाटलं, आता फेऱ्या थांबतील. बाबा जातच राहिले. आणलेलं पाणी गॅलरीतल्या मोगऱ्याला घालायचे. आम्ही कोणी काही विचारलं नाही. ते शनिवार संपू नयेत असं मलाही वाटत होतं.

मग बाबांना ताप भरला आणि एक शनिवार चुकला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात, हातात भरलेला कॅन, धापा टाकत. लिफ्ट बंद होती. आत येऊन त्यांनी माशांच्या कोरड्या टाकीकडे पाहिलं.

"मासं कुठं?"

"मेलं. शिमग्यातच," बाबा पलंगावरून म्हणाले.

"मग पानी कोनाला न्हेत होतास?"

आई चहा ठेवायला आत गेली. काका कॅन बाजूला ठेवून बाबांच्या पायथ्याशी बसले.

"बरा झाला का घरी ये," ते म्हणाले. "कॅन नको आनू."