चोरीला गेलेलं गाऱ्हाणं

मालवणात राहिलेल्या आणि मालवण सोडून गेलेल्या समस्त मंडळींना कळवण्यास अत्यंत खेद होतो की माझे वडील चोरीला गेले आहेत. तेही वारल्यानंतर. कृपया गांभीर्य राखावे.

मी लग्न होऊन बंगळूरला निघाले, तेव्हा आई एसटीच्या खिडकीतून कोकमाच्या सोलांची पिशवी आत कोंबत होती आणि बाबा गाडीसमोर हात जोडून उभे होते. गावातलं कुठलंही कार्य त्यांनी देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय हलत नसे. मग लेक कशी हलणार? "बा देवा म्हाराजा, आज ह्या आमचा चेडू परमुलखाक चल्ला हा, तेका सुखी ठेव रे म्हाराजा!" आणि अख्खी गाडी, कंडक्टरसकट, गरजली, "व्हय म्हाराजा!" मी ओढणीत तोंड लपवलं.

बंगळुरात नोकरी मिळाली, नोकरी गेली, आणि केस पिकल्यावर मी ऑनलाइन लिखाणाची कामं शोधू लागले. प्रत्येक कामासाठी प्रपोजल धाडायचं. माझी सुरुवात ठरलेली: मी अमुक शिकले, मला तमुक अनुभव. कुणी उत्तरादाखल शिंकलंसुद्धा नाही. मग बाबांचं बोलणं आठवलं. "गाऱ्हाण्यात आपली कुंडली वाचूची नाय गो. जेचा काम आसा, तेची अडचण पयली." तसंच लिहू लागले. आधी क्लायंटची अडचण, मग मी नेमकं काय करीन, सोबत छोटा नमुना, शेवटी एक प्रश्न. आणि अहो, कामं आली!

ही विद्या मी व्हिडिओ कॉलवर बापूला शिकवली. बापू माझा चुलतभाऊ. मालवणातलं त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान थंडावलं होतं.

मग ते काम दिसलं. एका पर्यटन कंपनीला आपल्या मालवणच्या किनाऱ्यावरच्या गावांबद्दल लिहायला माणूस हवा होता, तिथेच मुक्काम करून. म्हणजे मी घरी जाणार होते! प्रपोजलमध्ये जीव ओतला. ओहोटीला खाडीतल्या चिखलातून तिसऱ्यांचे शिंपले काढणाऱ्या बायका घातल्या, गाऱ्हाणं घालणारे बाबा घातले. खाडीपलीकडे जाणारी होडी अजून चालते का, एवढं तपासायला ते बापूला पाठवलं. "झकास!" म्हणाला.

कंपनीने कळवलं: अगदी हेच प्रपोजल आधी एकाने दिलंय, तो तिथेच राहतो, काम त्याला दिलं. अगदी हेच! म्हणजे 'गाऱ्हाणं घालणारे माझे वडील'सुद्धा. अहो, बापूचे वडील, आमचे काका, देवासमोर तोंड उघडायला इतके लाजत की नारळही दुसऱ्याच्या हाती देत!

तडक मालवण गाठलं. घर म्हणजे जिथे आपली बाजू घेतात ती जागा, अशी माझी समजूत. बापू आमच्याच स्वयंपाकघरात आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं ओरपत बसला होता, शेजारी आईसाठी आणलेली औषधाची पिशवी. मी नाटकातल्यासारखी दारात उभी राहून सगळा आरोप सुनावला. बापूची मान खाली. मी आईकडे वळले. आई त्याला आणखी एक बांगडा वाढत होती. हात न थांबवता ती बोलून गेली, "तो निदान हय आसा. तू खंय आसस गो?"