चार दिवस मी गप्प होतो

मोटार सुटायच्या वेळी अब्बांनी खिडकीतून हात घालून माझी टोपी सरळ केली. म्हणाले, "बेटा, शहरात लोक हसतील, हसू दे. कांडी वाकवल्याबिगर कथील घेऊ नको." साल चौतीस की पस्तीस. सटाण्याहून मी नाशिकला मामूंच्या कल्हईच्या दुकानात कामाला निघालो होतो. रहीम, धाकट्या भावा, तू तेव्हा अम्मीचा पदर धरून रडत होतास आणि मला मात्र कधी एकदा मोटार हलते असं झालं होतं.

आपल्या घरची रीत तुला ठाऊकच आहे. कथलाची कांडी कानाशी धरून वाकवायची. चोख कथील करकरतं, शिसं मिसळलेलं मुकाट वाकतं. शिसं स्वस्त पडतं, पण त्याची कल्हई केलेल्या भांड्यात शिजवलेलं अन्न म्हणजे हळूहळू विष. अब्बा भर बाजारात डोळे मिटून कांडी ऐकत बसायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

वर्षभरानं एकदा नाशिकच्या भांडीबाजारात कथील आणायला गेलो, तर दुकान गिऱ्हाइकांनी भरलं होतं. सगळे कोट-टोपीवाले. त्यांच्यासमोर खेडवळासारखं कांडी कानाला लावायची मला लाज वाटली. कागदात बांधून दिली तशी घेतली आणि तिनंच पंचवटीतल्या काशीताईंच्या खानावळीच्या सगळ्या भांड्यांना कल्हई केली. काशीताई विधवा बाई, एकटीच्या बळावर रोज चाळीस पानं वाढायच्या. त्यांचं काम मिळावं म्हणून मामूंनी वर्षानुवर्षं खेटे घातले होते.

भांडी पोचवून आलो आणि उरलेला तुकडा सहज वाकवला. आवाज नाही. कांडीत शिसं होतं.

मामूंना लगेच सांगितलं. मामू वाईट माणूस नव्हते. वर्षभर त्यांच्या ताटात जेवलो होतो, त्यांची मुलगी नूर माझ्याशी लग्नासाठी बोलून ठेवली होती. त्यांनी भाता थांबवला. मग म्हणाले, "पुढच्या खेपेला चोख करून देऊ. आता बोललास तर पंचवटीत आपल्याला कुणी भांडं देणार नाय. नूरचा तरी विचार कर."

मी नूरचा विचार केला. चार दिवस केला. रोज खानावळीवरून जाताना आमटीचा वास यायचा आणि मी पाय उचलायचो.

पाचव्या दिवशी सकाळी मात्र आत गेलो आणि सगळं सांगितलं. काशीताईंनी ऐकून घेतलं, चुलीवरची डाळ उतरवली आणि पातेलं मोरीत उपडं केलं. म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. पण यापुढे माझ्या भांड्यांना हात लावू नकोस." दुपारी मामूंनी माझं गाठोडं दाराबाहेर ठेवलं. नूरचं पुढं मालेगावला लग्न झालं. खोटं कशाला सांगू, मी खूप रडलो.

सटाण्याला परतलो तो शाबासकीच्या आशेनं. सगळं ऐकून अब्बांनी एवढंच विचारलं, किती दिवस गप्प होतास? चार, म्हणालो.

"मंग इथं लपायला आलास काय? जा, त्यांच्या डोळ्यासमोर काम कर."

अम्मीनं भाकरी बांधून दिली. अब्बांवरचा राग मी कितीतरी वर्षं मनात धरला.

पंचवटीतच एका कोपऱ्यावर भाता मांडला. भांडं घेण्याआधी गिऱ्हाइकाला माझी चूक सांगायचो, मामूंचं नाव मात्र घेतलं नाही. अर्धे लोक भांडं परत उचलून न्यायचे. उपास घडले. मग दीडेक वर्षानं काशीताई स्वतः आल्या, हातात एक लहानशी पातेली.

"ही माझ्या एकटीची," त्या म्हणाल्या. "महिनाभर यात मी शिजवून खाते. मग बाकीच्यांचं बघू."

मी त्यांच्यासमोरच कांडी कानाशी धरून वाकवली आणि मग पातेली हातात घेतली. महिना सरला आणि खानावळीची भांडी हातगाडीवरून आली.

आता बाजारात अ‍ॅल्युमिनियम आलंय, काम कमी झालंय. तुम्ही सगळे लिहिता, परत ये. सटाण्याची आठवण येते, अब्बांच्या कबरीवर बसावंसं वाटतं. पण तिथं मी नुसता अब्बांचा मुलगा. इथल्या लोकांना मी काय केलं ते ठाऊक आहे, आणि तरी ते आपल्या लेकराबाळांचं अन्न शिजवायचं भांडं माझ्या हातात देतात. रहीम, हे घर सोडून मी कुठं येऊ?