वहिनींचं वज्रासन

"आसन मोडलं की वायू उलटतो," असं म्हणत वहिनी दुपारच्या जेवणानंतर गुडघे दुमडून टाचांवर बसायच्या, पदर खांद्यावरून पुढे ओढून घ्यायच्या आणि डोळे मिटायच्या. मग घरातलं कुणी त्यांना हाक मारत नसे. आग लागली असती तरी मारली असती की नाही, मला शंकाच आहे.

पनवेलला आमचं आणि वहिनींचं घर भिंतीला भिंत लावून होतं. स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली असतील. मी घरीच शिवणकाम करायचे, त्यामुळे पलीकडचा दिवस मला नुसत्या आवाजांवरून कळायचा. उजाडायच्या आत विहिरीवरची कळशी, मग जातं, मग अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं, मग भाकऱ्या थापण्याचा आवाज. आणि या सगळ्यांवर हाका. सूनबाई, अगं ए, आई, वहिनी. आळीतले लहानथोर त्यांना वहिनीच म्हणत. त्यांचं माहेरचं नाव त्यांच्या स्वतःच्या तरी लक्षात होतं का, देव जाणे.

आसनांचं वेड त्यांच्या सासऱ्यांचं. वहिनी त्यांना मामंजी म्हणायच्या, म्हणून आमचेही ते मामंजीच. कचेरीतली नोकरी संपल्यावर त्यांना दुसरा उद्योग नव्हता. ओटीवर कुणी टेकलं रे टेकलं की वज्रासनाचे गुण सुरू व्हायचे. भरल्या पोटी करता येतं असं हे एकच आसन. अन्न पचतं, पोटात वारा धरत नाही, कणा ताठ राहतो, मन ठिकाणावर येतं. आणि आसनात बसलेल्याला हाक मारणं म्हणजे पाप. हा शेवटचा नियम त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी केला होता. वहिनींनी तो बरोबर हेरला. एके दिवशी त्यांनी मान खाली घालून मामंजींना विनंती केली, की मलाही शिकवा. म्हातारा असा हरखला म्हणता!

वहिनींची जागा स्वयंपाकघरात, तांदळाच्या पिंपाशेजारी, भिंतीकडे तोंड करून. काही काम घेऊन गेले तर मीही हात जोडल्यासारखी उंबऱ्यापाशी थांबायचे. एकदा गव्हाण गावची भाजीवाली मागच्या दारात टोपली घेऊन उभी होती. तिने वहिनींकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि मला म्हणाली, "ही बाय ध्यान नाय करीत. झोपली हाय."

मी जवळ जाऊन बघते तर खरंच. खांदा पिंपाला टेकलेला, तोंड जरासं उघडं. मी भाजीवालीला गप्प राहायला सांगितलं. ती कशाला कुणाला सांगतेय? दमली हाय बिचारी, म्हणाली आणि टोपली उचलून पुढच्या घरी गेली.

पुढे मी विचारलं तेव्हा वहिनी हसल्या. "आडवी झाले तर आळशी. बसून झोपले तर साधना," त्या म्हणाल्या. गुडघे दुखायचे, पण तेवढी डुलकी मिळाली की रात्रीपर्यंत गाडं ओढता यायचं. दिवसभरात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच काय ते होतं.

तेही टिकायचं नव्हतं. सुनेचा अभिमान मामंजींच्या पोटात मावेना. आळीतल्या बायकांना सूनबाई शिकवेल, असं त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं. त्या घरात वहिनींच्या तोंडून 'नाही' कुणी ऐकलेलं नव्हतं. दुपारी पडवीत सतरंजी पडू लागली आणि जेवणं उरकून आम्ही पाच-सहाजणी तिथे जमू लागलो. एकीच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, दुसरीला जावेचं गाऱ्हाणं सांगायचं असायचं. शेवटी वहिनींनी ठरवून दिलं, की डोळे मिटायचे आणि अवाक्षर काढायचं नाही. मग काय, सगळी रांग माना टाकून झोपायला लागली. मामंजी आतून डोकावून धन्य व्हायचे.

एका दुपारी मी डोळे किलकिले केले. शेजारीण घोरायला लागली होती, आणि वहिनी हातपंख्याच्या दांडीने तिला हळूच ढोसत होत्या. घोरणं आत ऐकू गेलं असतं तर वर्ग त्याच दिवशी बंद झाला असता. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. आम्ही सगळ्या झोपत होतो आणि ही बाई आमच्यावर पहारा करत होती.

मला रागच आला. त्यांच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं, चालताना भिंतीचा आधार घ्यायला लागल्या होत्या. म्हटलं, बंद करा हे.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "या बायकांना घरी कोण पाठ टेकू देतंय?"

निदान एक दिवस मी जागी राहते, असं मी सुचवलं. तर म्हणाल्या, सगळ्यात मोठ्याने तूच घोरतेस.

पुढच्या वैशाखात एका दुपारी मला माझ्याच घोरण्याने जाग आली. कुणी ढोसलं नव्हतं. वहिनी खांबाला डोकं टेकून बसल्या होत्या, पंखा मांडीवर पडला होता. आणि मामंजी दारात उभे. मी घाईघाईने ताठ बसले. पण त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"उठवू नका. आज सूनबाईंचं खरं ध्यान लागलंय."

आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. लागली बाई झोप एकदाची. आत सासूबाईंनी हाका सुरू केल्या तशी एकजण पळत जाऊन त्यांना पाणी देऊन आली. मी पंखा उचलला आणि वहिनींना वारा घालत बसले. चहाची वेळ झाली तेव्हा मामंजी स्वतः चुलीपाशी गेले. धुराने लाल झालेले डोळे पुसत त्यांनी कप आणून वहिनींच्या पुढ्यात ठेवला.

चहावर साय धरली, तरी त्या हलल्या नाहीत. मी त्यांचा हात हातात घेतला. एवढ्या उन्हाळ्यात तो गार होता.

वहिनी आसनात गेल्या, समाधीच ती, केवढं पुण्य, असं आळीत लोक अजून सांगतात. ऐकलं की माझं डोकं फिरतं. मामंजी मात्र तसं कधी म्हणाले नाहीत. तेरावा झाल्यावर ते माझ्या दाराशी आले आणि आत न येताच उभे राहिले.

"खरं सांग. ती बसल्या बसल्या झोपायची का गं?"

"आधी झोपायच्या, मामंजी," मी म्हटलं. "वर्ग सुरू झाल्यापासून नाही."