उलट्या फेराचं टोपलं

गुडघे शेकायला सुनेनं निरगुडीचा पाला उकळत ठेवला आणि त्या कडवट वासासरशी मी बार्शीटाकळीकडच्या सासरच्या अंगणात जाऊन बसले. साल साठच्या आसपासचं असेल. अंगावरची हळदही पुरती उतरली नव्हती.

नाल्याकाठचे निरगुडीचे ओले फोक तोडून, गोठ्यामागे एकटीच बसून मी आयुष्यातलं पहिलं टोपलं विणलं होतं. सासूबाईंनी ते हातात घेऊन फिरवलं, नखानं वीण उचकून पाहिली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी ते कुठून चोरूनच आणलंय.

"हे कोनं इनून देलं तुले? फेर उलटा हाय याचा."

"मीच इनलं, आत्याबाई."

"मंग इन माह्यासमोर."

आली पंचाईत! मी डावखुरी. नव्या सुनेचा डावा हात दिसला तर अपशकुन म्हणतील, असं आईनं बजावून पाठवलेलं. जेवणं, वाढणं सारं मी उजव्यानंच निभावत होते. पण उजव्या हाताला फोक काही वळेना. शेवटी डावा पुढे आलाच. बोटं सरसर चालली, मान मात्र वर होईना. आता मलाच संशय येतो, त्यांना शंका टोपल्याची नव्हतीच, माझ्या हाताची होती.

त्या उठल्या. कुडात खोचलेला जुना विळा काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. त्याचे दाते लोहाराकडून डाव्या हातासाठी पाडून घेतलेले होते.

"माहाच हाय," त्या हळूच म्हणाल्या. "तुह्या सासऱ्याले अजून मालूम नाई."